धनी नसलेला किल्ला

जपानी किल्ला म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिमेजी येतो. पांढरेशुभ्र मजले, वळणदार छपरे, पायथ्याशी चेरीची फुले. कॅलेंडरवर, चॉकलेटच्या डब्यावर, विमान कंपनीच्या जाहिरातीत तोच असतो. हिमेजी खरोखर देखणा आहे, त्याबद्दल दुमत नाही. त्याचा आज दिसणारा मुख्य मनोरा 1609 मध्ये पुरा झाला आणि 1993 मध्ये त्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पण जपानमध्ये किल्ल्यांच्या जागा तीस हजारांच्या वर असाव्यात, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातल्या बहुसंख्य ठिकाणी ना मनोरा होता, ना पांढरा गिलावा, ना दगडी जोते. होती फक्त माती. डोंगर कापून केलेले सपाट टप्पे, खणलेले चर आणि त्या चरातून उपसलेल्या मातीचे बांध. वरची लाकडी कुंपणे आणि छपरे केव्हाच कुजून गेली.

जपानीत किल्ल्याला ‘शिरो’ म्हणतात. ते लिहिण्याच्या चिन्हाचे दोन भाग आहेत. एकाचा अर्थ माती, दुसऱ्याचा होणे किंवा घडणे. मातीतून घडलेली ती वस्तू म्हणजे किल्ला. उंच मनोरे ही त्यामानाने अलीकडची गोष्ट. ओदा नोबुनागाने 1576 मध्ये अझुची इथे किल्ला बांधायला घेतला, तिथून ती प्रथा खऱ्या अर्थाने रुजली. त्याच्या आधीची दीडशे वर्षे जपान ज्या किल्ल्यांच्या आधाराने लढले, ते आज पाहायला गेले तर झाडीतल्या टेकाडांसारखे दिसतात. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. माझे मत असे की जपानला जाणाऱ्याने हिमेजी किंवा ओसाकाचा एक दिवस कमी करावा आणि असा एक तरी मातीचा किल्ला पायी फिरून यावा. मी पाहिलेला किल्ला सुगियामा. त्याच्याबद्दल लिहिण्याचे कारण त्याची रचना हे तर आहेच, पण त्याहून मोठे कारण म्हणजे त्याला मालक सापडत नाही.

टेकडीवरची गणिते

टोकियोच्या इकेबुकुरो स्थानकातून तोबु तोजो लाईनची गाडी पकडायची आणि तासाभराने, थोडे जास्तच, मुसाशी-रानझान या स्थानकावर उतरायचे. सायतामा प्रांतातले हे छोटे गाव. नावाचीही गंमत आहे. क्योतोजवळच्या प्रसिद्ध अराशियामाची आणि या गावाची चिन्हे एकच आहेत, फक्त वाचायची निराळी. 1928 मध्ये वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकू इथली दरी पाहायला आले, त्यांना अराशियामाची आठवण झाली आणि त्यांनी तिला ‘मुसाशीचे रानझान’ म्हटले. पुढे स्थानकाचे नाव बदलले, मग गावाचेही. म्हणजे जिथे आपण इतिहास शोधायला चाललो, त्या गावाचे नावच शंभर वर्षांपूर्वी पर्यटनासाठी उसने आणलेले!

स्थानकापासून उत्तरेला तीनेक किलोमीटर चालावे लागते. भातशेते, घरापुढचे छाटलेले वृक्ष, एक शाळा, एक बौद्ध मंदिर आणि मंदिराच्या बाजूने वर जाणारी वाट. टेकडी भोवतालच्या शेतांपासून चाळीसेक मीटर उंच, त्यापेक्षा जास्त नाही. सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या माणसाला ही चढण म्हणजे घराचा जिना वाटेल. किल्ल्याचा विस्तार सुमारे आठ हेक्टर. एवढ्या जागेत दहाएक सपाट टप्पे आहेत. मधोमध बालेकिल्ला आणि त्याच्यापासून दक्षिणेला, उत्तरेला, पूर्वेला उतरत गेलेल्या माच्या. प्रत्येक दोन टप्प्यांमध्ये कोरडा खंदक, आणि खंदक ओलांडायला मुद्दाम न खणता सोडलेली मातीची अरुंद पट्टी. एका वेळी एकच माणूस नीट चालू शकेल एवढी.

खरी गंमत तटाच्या रेघेत आहे. ती कुठेही लांबवर सरळ जात नाही. दहा-वीस पावले गेली की काटकोनात मोडते, पुन्हा पुढे येते, पुन्हा आत जाते. वरून नकाशात पाहिले तर करवतीच्या दात्यांसारखी दिसते. याचे कारण प्रवेशाच्या पट्टीवर उभे राहिले की कळते. तुम्ही समोरच्या दाराकडे बघत असता, आणि तुमच्या उजव्या कुशीवर, हाताच्या अंतरावर म्हणावे इतक्या जवळ, तटाचा एक कोपरा पुढे आलेला असतो. तिथे दोन तिरंदाज बसले तर पट्टीवरचा माणूस वाचत नाही. तिथून निसटून आत शिरलात तर वाट पुन्हा वळते आणि आता डाव्या कुशीवर दुसरा कोपरा. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना ज्याने पाहिली आहे त्याला हे तत्त्व सांगावे लागणार नाही; दरवाजा दोन बुरुजांच्या मिठीत लपवायचा, येणाऱ्याला सरळ धावू द्यायचे नाही. आपल्याकडे ते कातळात आणि घडीव दगडात केले, इथे फावड्याने. एका दारापुढे खंदकाच्या पलीकडे सोडलेला छोटासा कट्टा आहे, आपल्याकडच्या जिभीच्या जातीचा. आतल्यांना तिथे जमून बाहेर झडप घालता येते आणि बाहेरच्यांना दार थेट दिसत नाही.

हे सगळे इतके नेटके आहे की जपानी दुर्गप्रेमी सुगियामाला किल्लेबांधणीचे पाठ्यपुस्तक म्हणतात. एकही दगडी भिंत नाही, एकही वासा शिल्लक नाही, तरी बांधणाऱ्याच्या डोक्यात काय चालले होते ते पावलागणिक वाचता येते. बालेकिल्ल्याच्या खालच्या अंगाला विहिरीची जागा आहे, तिच्यावर एक मोठा दगड पडलेला. जाताना कुणीतरी पाणी बंद करून गेले, असे मानतात. मी तिथेच बसून स्थानकाजवळून घेतलेले दोन ओनिगिरी खाल्ले, आत आंबटढाण उमेबोशी. तासाभरात तीन माणसे दिसली. त्यातल्या दोघांच्या हातात शिक्क्यांची वही होती. 2017 मध्ये जपानच्या किल्ले संघटनेने शंभर नामवंत किल्ल्यांची दुसरी यादी काढली, तिच्यात सुगियामा आला. तेव्हापासून शिक्का गोळा करणारे येतात. शिक्का किल्ल्यावर नाही, खाली गावात मिळतो. त्यामुळे काही जण वर न चढताही किल्ला ‘करून’ जात असणार. आपल्याकडे पायथ्याशी सेल्फी काढून परतणारे असतात, तसेच.

एका वाडग्याने केलेला घोळ

आता मुख्य मुद्दा. हा किल्ला कुणाचा?

कान्तो प्रदेशाचा त्या काळचा इतिहास म्हणजे न संपणारी भाऊबंदकी. क्योतोतले ओनिन युद्ध 1467 मध्ये सुरू झाले आणि तिथून जपानचा युद्धकाळ मोजायची पद्धत आहे. पण कान्तोत त्याच्या दहा-बारा वर्षे आधीच आग लागली होती. तिथल्या आशिकागा शाखेचा प्रमुख आणि त्याचे कारभारी उएसुगी यांच्यात ती लढाई जवळजवळ तीस वर्षे चालली. ती विझते न विझते तोच उएसुगींच्याच दोन शाखा, यामानोउची आणि ओगिगायात्सु, एकमेकींवर उठल्या. 1487 ते 1505 हा त्यांचा काळ. 1488 मध्ये तर सुगायाच्या माळावर, म्हणजे आजच्या रानझान गावाच्या परिसरातच, त्यांची मोठी लढाई झाली. दोघे थकल्यावर दक्षिणेतून होजो घराणे वर आले. ओदावाराला बसून पाच पिढ्या राज्य केलेले हे घराणे. 1546 मध्ये कावागोएच्या लढाईनंतर या भागात त्यांचा वरचष्मा झाला आणि 1590 मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने ओदावाराला वेढा घालून ते संपवले.

सुगियामाची चतुर रचना पाहून अभ्यासकांनी बराच काळ एकच निष्कर्ष काढला होता. इतके प्रगत बांधकाम होजोंशिवाय कोण करणार? तेव्हा किल्ला सोळाव्या शतकाच्या मधला, होजोंचा. या मताला कागदाचा आधार नव्हता. एदो काळात, 1810 ते 1830 दरम्यान सरकारने मुसाशी प्रांताचा मोठा स्थलकोश तयार करवला, त्यात एका स्थानिक सरदाराचे नाव किल्लेदार म्हणून येते; पण ती तीनशे वर्षांनंतर लिहून घेतलेली गावची आठवण, तिच्यावर कुणी फार भार टाकत नाही. आधार होता तो रचनेचा. साधे किल्ले आधीचे, गुंतागुंतीचे नंतरचे, आणि सर्वांत गुंतागुंतीचे होजोंचे, अशी एक शिडी अभ्यासकांनी मनात उभी केली होती. कागदपत्र नसलेले कितीतरी किल्ले त्या शिडीच्या पायरीवरून ओळखले जात.

हे वाचताना मला आपल्याकडचे ‘हेमाडपंती’ आठवत होते. काळ्या दगडाचे, चुना न वापरता रचलेले कुठलेही जुने देऊळ दिसले की आपण ते हेमाडपंताच्या नावावर टाकून मोकळे होतो. हेमाद्री तेराव्या शतकातला. त्याच्या जन्माआधी दोनशे वर्षे उभी असलेली देवळेही त्याचीच. बांधणाऱ्या शेकडो अनामिक हातांपेक्षा एक ओळखीचे नाव सोयीचे पडते. होजोंचे तसेच झाले होते.

मग 2002 पासून गावच्या शिक्षण मंडळाने किल्ल्याच्या काही भागात उत्खनन सुरू केले. निघाले काय, तर फुटकी भांडी. मेजवानीत एकदा वापरून फेकायच्या मातीच्या बशा, आणि सेतो-मिनो भागातून आलेले चकाकीचे वाडगे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्या भागातल्या भट्ट्यांची पद्धत बदलली, त्यामुळे तिथल्या भांड्यांचा काळ पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबाने सांगता येतो. हे तुकडे पंधराव्या शतकाच्या शेवटापासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंतचे निघाले. वापराचा थरही एकच, आणि तोही थोड्या काळाचा. म्हणजे कुणीतरी घाईने किल्ला बांधला, थोडी वर्षे वापरला, सोडून दिला. आणि हे सगळे होजो इथे येण्याच्या कितीतरी आधी. उएसुगी शाखांच्या भांडणाचा काळ.

जपानी अभ्यासकांत यावरून जो वाद पेटला त्याला ‘सुगियामा किल्ल्याचा प्रश्न’ असे नावच पडले. एका बाजूला जमिनीची मांडणी वाचणारे, दुसऱ्या बाजूला खापरे वाचणारे. पहिल्यांचे म्हणणे, वाडगा जुना असला म्हणजे तो वापरणारा जुना असतो असे नाही, लोक आजोबांची भांडी वापरतात. दुसऱ्यांचे म्हणणे, एकदोन भांडी वारशाची असतील, पण नव्या काळातले एकही कसे सापडत नाही? मग एक पत्र पुढे आले. आशिकागा ताकामोतोच्या एका पत्राची नक्कल. त्यात तो एका स्थानिक सरदाराला, सुगियामाच्या छावणीपासून तू नोरिफुसाच्या पाठीशी राहिलास, अशा अर्थाचे लिहितो. हा नोरिफुसा यामानोउची उएसुगींचा प्रमुख, 1525 मध्ये वारला. म्हणजे त्याच्या हयातीत सुगियामाला ‘छावणी’ होती. खापरांचा काळ आणि पत्राचा काळ जुळतो. आज बहुतेकांचा कल यामानोउची उएसुगींकडे आहे. पण छावणी म्हणजे हाच किल्ला का, आणि आज दिसणारी करवती रेघ त्या छावणीच्याच वेळची का, हे विचारणारे अजूनही विचारतात, आणि त्यांना कुणी गप्प बसवत नाही.

वरवर पाहता हा पन्नास वर्षे इकडे की तिकडे असा किरकोळ प्रश्न आहे. पण ते तुकडे बरोबर असतील तर ती अख्खी शिडीच डळमळते. साध्याकडून अवघडाकडे, लहानाकडून थोर घराण्याकडे, हा क्रम मोडतो. दोन थकलेल्या शाखांच्या भांडणात, ज्यांची नावे जपानी शाळकरी मुलालाही धड सांगता येणार नाहीत, कुणीतरी इतका उत्तम किल्ला खणून ठेवला असेल, तर रचनेवरून होजोंच्या नावावर घातलेले बाकीचे किल्ले पुन्हा तपासावे लागतात. अभ्यासकांना वर्षानुवर्षांचे काम पुन्हा उघडावे लागले. एका फुटक्या वाडग्यामुळे!

पुतळा आणि बांध

सुगियामाहून परत स्थानकाकडे येऊन दक्षिणेला थोडे चालले की सुगायाची गढी लागते. हीही मातीचीच, पण सपाटीवर, नदीच्या काठाला, आणि मोठी. आवारात सायतामा प्रांताचे इतिहास संग्रहालय आहे. आणि बांधावर एक पुतळा आहे, हाताकेयामा शिगेतादाचा. कामाकुरा काळातला हा योद्धा, शौर्य आणि सचोटीसाठी जपानी परंपरेत नावाजलेला. कामाकुराच्या राज्यकर्त्यांचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथानुसार 1205 मध्ये तो याच सुगायाहून निघाला आणि कपटाने मारला गेला. लोक पुतळ्यापुढे फोटो काढतात, मग मागच्या उंच बांधांकडे पाहून म्हणतात, हा शिगेतादाचा वाडा.

पण ते बांध शिगेतादाचे नाहीत. आज दिसणारे खंदक आणि तट पंधराव्या-सोळाव्या शतकातले, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी रचलेले. संग्रहालयात हे स्पष्ट सांगितलेले आहे, कुणी लपवत नाही. तरी पुतळा जिंकतो. माणूस समोर उभा असला की मातीला कोण विचारतो? तीन-चार किलोमीटरच्या आत हे दोन किल्ले आहेत. एकाला नायक आहे पण तो चुकीच्या शतकातला, दुसऱ्याला नायकच नाही. मला दुसरा जास्त बोलका वाटला. नायक नसला की प्रश्न आपोआप बदलतात. हे खणले कुणी? शेतात काम असताना किती दिवस? युद्धकाळात गावांवर किल्ल्याच्या कामाचे दिवस लावले जात, नांगर सोडून फावडे घ्यावे लागे. आणि किल्ला पडला की त्याच गावांचे काय होई? हिताची प्रांतातला ओदा किल्ला 1566 मध्ये उएसुगी केन्शिनच्या हाती पडला, तेव्हा तिथे माणसे वीस-तीस नाण्यांना विकली गेल्याची त्या काळची नोंद आहे. केन्शिन आज जपानी मालिकांत आणि व्हिडिओ गेममध्ये न्यायी, देवभोळा वीर म्हणून नांदतो. विकल्या गेलेल्यांचा पुतळा कुठे नाही.

सुगायाला 1973 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. 2008 मध्ये त्याच संरक्षणात सुगियामा, मात्सुयामा आणि ओगुरा हे शेजारचे तीन किल्ले घेतले गेले आणि चौघांना मिळून हिकी भागातील किल्ल्यांचा समूह असे नाव दिले. हे 2008 साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेव्हा ‘सुगियामाचा प्रश्न’ ऐन भरात होता. किल्ला कुणाचा यावर एकमत नव्हते, अमुक वीर इथे लढला असे सांगायला नव्हते. तरी सरकारने ती टेकडी राखायची ठरवली. आधी मालक सिद्ध करा मग जपू, असे कुणी म्हटले नाही.

आपल्याकडे किल्ल्यापुढे उभे राहिले की पहिला प्रश्न असतो, कुणाचा? दौलताबादला हा प्रश्न विचारून पाहा. यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल, हैदराबादचे निजाम. दगडाच्या एकाच भिंतीत चार राजवटींचे थर. विचारणाऱ्याला मात्र एका शब्दात उत्तर हवे असते, आणि माझे नाव कळल्यावर तो प्रश्न कधी कधी जरा वेगळ्या सुरात येतो. त्याला बहुधा इतिहास नको असतो, बाजू हवी असते. 2025 मध्ये शिवकाळाशी जोडलेल्या बारा किल्ल्यांना, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी, जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आनंदाचीच गोष्ट. पण मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात गावोगाव ज्या गढ्या आहेत, त्यांच्याकडे कोण बघते? पांढऱ्या मातीच्या पुरुषभर जाडीच्या भिंती, कोपऱ्याला बुरूज, आत बुजलेले पेव. कुणा देशमुखाची, कुणा पाटलाची, कुणा जहागीरदाराची. बहुतेकांत नाव घेण्यासारखी लढाई झाली नाही. धाब्याच्या घरांना पांढरी माती लागते म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे तीच टोपल्यांनी नेली, उरलेली पावसाने. गढी ढासळते तेव्हा कुणाच्याच अस्मितेला धक्का लागत नाही, म्हणून बातमीही होत नाही. सुगियामाचे बांध पाहताना मला सारखी हीच माती दिसत होती. दोन्हीकडे साहित्य तेच, हत्यार तेच, आणि दोन्हीकडे बांधणाऱ्यांची नावे गेलेली.

सिमेंटचे मनोरे

जपानी लोक इतिहासाबाबत फार समंजस आहेत, असे मला सुचवायचे नाही. त्यांनी स्वतःच्या किल्ल्यांचे कमी हाल केलेले नाहीत. 1873 मध्ये मेइजी सरकारने किल्ले मोडीत काढायचा हुकूम काढला आणि कितीतरी मनोरे लाकडाच्या भावात गेले. उरलेल्यांतले काही 1945 च्या बॉम्बवर्षावात जळाले. एदो काळापासून टिकलेले मनोरे आज देशभरात फक्त बारा आहेत. बाकी जे दिसते ते बहुतेक पुन्हा उभारलेले, आणि पुष्कळसे सिमेंट-काँक्रीटचे. ओसाकाचा 1931 चा, आत लिफ्ट. नागोयाचा 1959 चा. आता नागोयाला तो पाडून हुबेहूब लाकडी मनोरा बांधायचा आहे, आणि त्यात लिफ्ट असावी की नसावी यावर वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. अपंगांनी वर जायचेच नाही का, असे विचारणाऱ्यांना 2023 मध्ये नागरिकांच्या जाहीर बैठकीतच अपमानास्पद बोलणी ऐकावी लागली. चारशे वर्षांपूर्वीच्या ‘अस्सल’पणासाठी आजच्या माणसाला दाराबाहेर ठेवायचे, यात मला कसली निष्ठा दिसत नाही.

त्याहून मजेशीर अतामीचा ‘किल्ला’. समुद्रकाठच्या त्या पर्यटननगरीत 1959 मध्ये टेकडीवर पाच-सहा मजली मनोरा उठला. तिथे आधी किल्ला नव्हताच! पण लांबून फोटोत छान दिसतो, आणि अनोळखी माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. या मनोऱ्यांचा दोष असा की ते बघणाऱ्याला काही करायला ठेवत नाहीत. तिकीट काढा, वर जा, खिडकीतून शहर बघा, खाली दुकानातून तलवारीच्या आकाराची किल्ली-साखळी घ्या. सुगियामात तसे काही नाही म्हणून तिथे आपल्याला स्वतः उभे राहून, वळून, खाली वाकून बघावे लागते की मारा कुठून येत असेल. तिथे तिकीट नाही, दुकान नाही, पुन्हा उभारलेला लाकडी दरवाजाही नाही. गवत कापलेले, वाटा मोकळ्या, ठिकठिकाणी त्या त्या भागाची माहिती देणारे फलक. पाचशे वर्षांपूर्वीची माती तशीच ठेवायला एवढे पुरते. कुणी इथे मनोरा बांधायचे मनात आणले, तर तो कुणाच्या काळातला बांधणार हा प्रश्न आहेच, आणि तूर्त तरी तो प्रश्नच टेकडीचे रक्षण करतो आहे.

कुणाला जायचे असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. पानगळ झालेली असते, गवत दबलेले असते आणि चरांचा आकार नीट दिसतो. उन्हाळ्यात झाडी सगळे झाकून टाकते आणि डास वेगळेच. सकाळी सुगियामा आणि दुपारी सुगाया असा क्रम ठेवला तर पायी एका दिवसात दोन्ही होतात. वेळ उरला तर ओगुराही पाहण्यासारखा आहे. तिथे या भागात सहसा न दिसणारी दगडी भिंत आहे, तिथल्याच डोंगरातल्या हिरवट, पातळ चिपांची रचलेली. पायात चांगली पकड असलेले बूट हवेत. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. ते उतार पाय घसरावा म्हणूनच कापलेले आहेत आणि ते काम अजून चोख करतात.